मंगळवारची भीती

वडील ठाण्याच्या कलेक्टर कचेरीतून शिरस्तेदार म्हणून निवृत्त झाले, त्या दिवशी त्यांना शेला, नारळ आणि तीन भाषणे मिळाली. त्यांच्यावाचून कचेरीचे आता कसे होणार, अशी चिंता तिन्ही भाषणांत व्यक्त झाली. पुढे कचेरीचे काहीही झाले नाही. नेमके हेच वडिलांना लागले.

दुसऱ्या दिवसापासून ते पगडी घालून, उपरणे सारखे करून नेहमीच्या वेळी निघत आणि कचेरीच्या ओसरीतल्या बाकावर जाऊन बसत. पहिला महिना शिपाई उठून मुजरा करीत. दुसऱ्या महिन्यात ते नुसते सरकून जागा देऊ लागले. तिसऱ्या महिन्यात एका खेडुताने त्यांना विचारले, "बाबा, तुमचा पुकारा व्हायचाय का अजून?" वडील उठून घरी आले ते पुन्हा तिकडे गेले नाहीत.

मग त्यांनी स्वतःच्या मरणाचे काम हाती घेतले. कोणाला कोणत्या क्रमाने कळवायचे, सरपण कुठून आणायचे, तेराव्याच्या पंगतीत कोणाशेजारी कोणी बसायचे, हे सगळे त्यांनी वळणदार मोडीत लिहून दप्तरात बांधले. पंधरा दिवसांत सारी तयारी झाली. फक्त मरणारा माणूस धडधाकट उरला. वैद्याने नाडी पाहून "उत्तम" म्हटले, तेही त्यांना आवडले नाही. हळूहळू जेवण चार घासांवर आले आणि बोलणे त्याहून कमी झाले. एकदा आई मला म्हणाली, "हे मरत नाहीत, पण जगतही नाहीत. तू मास्तर ना? काहीतरी कर."

मी शाळामास्तर होतो आणि तत्त्वज्ञानाची पुस्तके वाचलेला होतो, त्यामुळे माझ्याजवळ सल्ले पुष्कळ होते. नातवंडांना शिकवा, काशीला जाऊन या, पोथी लावा. वडील ते सगळे शांतपणे ऐकत आणि शेवटी "बघू" म्हणत. कचेरीत ज्याला नाही म्हणायचे असे, त्याला ते "बघू" म्हणत.

शेवटी आईने कौलाची गोष्ट काढली. कल्याणच्या पलीकडे, आंबिवलीच्या वाटेवर, महादेवाचे एक लहानसे देऊळ होते. तिथल्या गुरवाचे वाडवडील तळकोकणातून आले, ते येताना कौलाची रीत घेऊन आले. दर सोमवारी तो पिंडीवर उजवीकडे एक आणि डावीकडे एक अशा दोन ओल्या पाकळ्या चिकटवी. आपण प्रश्न विचारायचा. उजवी आधी पडली तर देव हो म्हणाला, डावी पडली तर नाही. वडिलांनी जन्मभर या प्रकाराची टिंगल केली होती. या खेपेस मात्र ते म्हणाले, "जाऊ. मुदत कळली तर बरंच आहे."

सोमवारी आम्ही आगगाडीने कल्याणला आणि तिथून बैलगाडीने देवळात गेलो. गुरव सभामंडपात पळसाच्या पानांच्या पत्रावळी लावत बसला होता. वडिलांनी बाराबंदीतून कागद काढला. त्यांनी देवाला रीतसर अर्ज लिहून आणला होता.

"रावसाहेब, देवाला वाचता येत असेल," गुरव म्हणाला, "मला येत नाही. तोंडानं सांगा."

वडिलांनी अर्ज वाचला. कलम एकमध्ये अर्जदाराची सेवा. कलम दोनमध्ये, अर्जदाराचे आयुष्य किती शिल्लक आहे ते मेहेरबानी करून कळवावे. कलम तीनमध्ये, कळवण्यास हरकत असल्यास ती कोणती, तेही कळवावे.

गुरवाने ऐकून घेतले. हात चालूच होते. "देवाला हो आणि नाही, दोनच येतं. ज्याला हो किंवा नाही म्हणता येईल, असं एकच विचारा. आणि तुमचंच विचारा, कचेरीचं नको. पुढल्या सोमवारी या."

परतताना आगगाडीत बसल्यावर वडील म्हणाले, "बत्तीस वर्षांत माझा मसुदा परत आला नव्हता." त्या दिवशी ते रागाच्या भरात पोटभर जेवले.

पुढच्या सोमवारी कागद नव्हता. वडील सरळ म्हणाले, "यंदा माझं आटोपणार का, हे विचारायचंय."

गुरवाने पाकळ्या भिजवल्या, पिंडीवर लावल्या आणि मागे वळून विचारले, "उजवी पडली तर काय कराल?"

"सगळी तयारी आहे. याद्या लिहून ठेवल्यात."

"बरं. आणि डावी पडली तर? यंदा नाही, पुढल्या सालीही नाही. उद्या मंगळवार. तुम्ही उठलात, तोंड धुतलंत. मग काय?"

वडील उपरणे सारखे करू लागले. गुरव खाली बसला. त्याने पत्रावळही हातात घेतली नाही, नुसता त्यांच्याकडे पाहत राहिला. मला राहवेना. मी म्हणालो, "बाबा, मी म्हणत होतो ना, नातवंडांना जर तुम्ही..."

"मास्तर," गुरव म्हणाला, "तुम्हांला नाही विचारलं."

शाळेत हे वाक्य मी रोज वापरत असे. ते ऐकायला कसे लागते, ते मला तेव्हा कळले.

शेवटी वडील म्हणाले, "मला भीती वाटते."

"मरणाची?"

"नाही. मंगळवारची."

गुरवाने मान हलवली. घाबरू नका असे तो म्हणाला नाही, सगळे ठीक होईल असेही म्हणाला नाही. "ती खरी आहे," एवढेच म्हणाला.

वडील उठले, पिंडीशी वाकले आणि पडायच्या आत दोन्ही पाकळ्या स्वतः काढून त्यांनी गुरवाच्या हातावर ठेवल्या. "राहू दे. हो म्हणाला काय, नाही म्हणाला काय, उद्या उठायचं मलाच आहे. पण करू काय, ते तरी सांग."

"ते मी कसं सांगू, रावसाहेब? मंगळवार तुमचा."

हा गुरव कोणी ज्ञानी होता असे मी म्हणणार नाही. देवापुढे आलेला नारळ तो पुढच्या भक्ताला परत विकत असे, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. पण भीती खोटी नाही आणि मरेपर्यंतचे दिवस दुसरा कोणी जगून देणार नाही, एवढे सांगून माणसाजवळ मुकाट बसायचे त्याला साधत असे. माझ्या पुस्तकांना ते साधले नव्हते.

वडील मंडपात बसून राहिले. गुरव पुन्हा पाने जुळवू लागला. थोड्या वेळाने वडिलांनी विचारले, "ही काडी वरून घालतात की खालून?" गुरवाने पानांची चवड त्यांच्याकडे सरकवली.

मंगळवारी सकाळी वडील बोडक्या डोक्याने ओटीवर पत्रावळ लावत बसले. समोरचे पेन्शनर मामलेदार घरातही पगडी घालत. ते येऊन उभे राहिले.

"शिरस्तेदार, हे आपल्याला शोभतं का?"

"शोभत नाही," वडील म्हणाले, "आणि जमतही नाही."

दुपारी त्या पत्रावळीतून आमटी पाटापर्यंत वाहिली. वडिलांनी ताट मागितले. "तुम्ही लावलीत, तुम्हीच जेवा," आई म्हणाली. ते जेवले, आणि संध्याकाळी काड्या अधिक बारीक तासू लागले.

त्यानंतर ते अकरा वर्षे जगले. दर सोमवारी एकटेच आंबिवलीच्या वाटेला जात आणि पाने घेऊन येत. गुरवाशी त्यांचे काय बोलणे होई, ते मी विचारले नाही. पंगतीची यादी त्यांना तीनदा बदलावी लागली, कारण यादीतली माणसे त्यांच्या आधी जाऊ लागली. त्याचा त्यांना मनापासून त्रास होई.

ते गेल्यावर मी दप्तर सोडले. शेवटच्या यादीखाली एक ओळ नवीन होती: पत्रावळी घरच्याच वापराव्या, माळ्यावर आहेत.

तेराव्याला तसेच केले. मामलेदार यादीप्रमाणे पहिल्या पाटावर बसले. कढी वाढली आणि थोड्याच वेळात त्यांनी आपले रेशमी सोवळे उचलून पत्रावळीखाली वाकून पाहिले. आई स्वयंपाकघराच्या दाराआडून म्हणाली, "भाताचं आळं करून घ्या आणि जरा लवकर जेवा. अकरा वर्षं लावल्या, पण शेवटपर्यंत गळायच्या त्या गळायच्याच."