सात दिवसांची ऑफर

दुबईतल्या बर्फाच्या रिंकवर माझी मुलगी आइस हॉकी शिकते. तिच्या स्केट्सना धार लावणारे रत्नागिरीचे चाचा पातं नखावर घासून धार तपासतात. परवा मात्र ते पातं बाजूला ठेवून सारखे दाराकडे बघत होते.

“ताई, अबुधाबीच्या रिंकची लेखी ऑफर आलीय मला! आइस हॉकीच्या मोठ्या लीगमध्ये असंच असतं. तरुण खेळाडूचा करार संपला की दुसरी टीम त्याला ऑफर शीट देते. जुन्या टीमला सात दिवस. तेवढाच पगार दिला तर खेळाडू तिथेच. नाही दिला तर खलास, तो गेला! बदल्यात जुन्या टीमला नवे खेळाडू निवडायच्या जास्तीच्या पाळ्या मिळतात. मीही मॅनेजरला सात दिवस दिलेत. आज सातवा.”

तेवढ्यात मॅनेजर कागद घेऊन धावतच आला. “चाचा, अबुधाबीवाली सेम सॅलरी! यल्ला, जल्दी साइन करो.”

चाचांनी कागद दोनदा वाचला, हात ॲप्रनला पुसले आणि सही केली.

“खेळाडूला अशा वेळी राहावंच लागतं, ताई,” ते हसत म्हणाले. “मला जाता आलं असतं. मी माझ्या मर्जीने राहिलो.”

अकरा वर्षं इथे नोकरी करून मला हे वाक्य एकदाही म्हणता आलं नव्हतं. मी जोरात टाळ्या वाजवल्या.