दारं काढायच्या आधीचा फोन

बंधाऱ्याची दारं टाकायची आणि काढायची, हे काम सिद्धाराम चोवीस वर्षं करत होता. उमरग्याच्या पुढं, बेनीतुरा नदीवरचा हा आपल्या हद्दीतला शेवटचा बंधारा. तिथून कोसभर खाली नदी कर्नाटकात शिरते, आणि तिकडचं पहिलंच गाव म्हणजे त्याच्या थोरल्या बहिणीचं, शांताक्काचं सासर.

काम अंगमेहनतीचं, पण समजायला सोपं. पाऊस सरला की बंधाऱ्याच्या खांबांमधल्या खाचांत लोखंडी दारं सोडायची आणि पाणी अडवायचं. मोठा पाऊस दिसला की लांब दांड्याचा आकडा लावून ती वर ओढायची. मात्र त्याआधी खालच्या गावाला एक फोन करायचा. तिथल्या लोकांच्या पाणी उपसायच्या मोटारी नदीकाठी बसवलेल्या असतात. फोन गेला की ते मोटारी वर ओढून घेत, मगच सिद्धाराम दाराला हात लावी. हा फोन कुठल्याही सरकारी कागदात नव्हता. पावसाचा इशारा इकडचा इकडच्या तलाठ्याला यायचा, तिकडचा तिकडं जायचा. मधे सिद्धाराम आणि शांताक्काचा नवरा पंचाक्षरी, एवढे दोघंच.

पूर्वी दारं टाकायला दसरा बघितला की भागत असे. अलीकडं पावसाचं काही खरं राहिलं नव्हतं. मागल्या साली दसऱ्यानंतर दारं टाकली, तर अडवायला नदीत पाणीच उरलं नव्हतं. उन्हाळाभर गाव टँकरवर जगलं. पारावरची माणसं म्हणायची, "सिद्रामअप्पा, यंदा अक्काला साडीचोळीऐवजी नदीच पाठवली वाटतं." तो हसायचा, पण ते त्याला लागलं होतं.

म्हणून यंदा गणपती उठले तशी त्यानं दारं टाकली. बंधारा तुडुंब भरला. गाव खूश होतं. सप्टेंबर सरत आला असताना एका सकाळी वरच्या अंगाला आभाळ काळं झालं. सिद्धाराम आकडा खांद्यावर टाकून निघाला. पाण्याच्या पाळ्या बघणारा बलभीम आधीच बंधाऱ्यावर येऊन उभा होता.

"काय इचार हाय, अप्पा?"

"निम्मी दारं काढावी म्हणतो."

"आन् पाऊस न्हाय झाला तर? गेलेलं पाणी कर्नाटकवाले घागरीनं आणून देणार हायत व्हय?"

सिद्धारामनं आभाळाकडं बघितलं, मग भरल्या पाण्याकडं. "दुपारपत्तर बघू," तो म्हणाला.

तेवढ्यात पंचाक्षरीचाच फोन आला. आभाळ त्यालाही दिसत होतं.

"सिद्धप्पा, मोटार काढू का ठिवू? कंबर धरलीय माझी. तुझी अक्का म्हणती, काम निघालं की तुमची कंबर बरुबर धरती."

"आज दारं काढत न्हाय, दाजी. राहू द्या मोटार."

"आयतु, बरं झालं. मग निवांत जेवतो."

पाऊस बाराच्या सुमारास आला. एवढा दाट, की पलीकडचा काठ दिसेना. तासाभरात पाणी दारांवरून पडू लागलं. सिद्धाराम आणि आणखी दोघांनी आकडा लावला, पण पाण्याच्या रेट्यानं दारं खाचांत घट्ट बसली होती. वाहून आलेली बाभळ त्यांच्यावर आडवी अडकली. एक दार कसंबसं वाकडं होऊन वर आलं, बाकीची हलली नाहीत. त्यानं पंचाक्षरीला फोन लावला. तीनदा लागलाच नाही. चौथ्यांदा वाजत राहिला, कुणी उचलला नाही. मग त्याच्या डोळ्यांदेखत बंधाऱ्याच्या बाजूचा मातीचा भराव खचला. साठलेलं आणि आलेलं, सगळं पाणी एकदम खाली गेलं.

पंचाक्षरी तिसऱ्या दिवशी सापडला. पाणी चढताना बघून तो मोटार काढायला उतरला होता. मोटारीचा दोर कमरेला तसाच होता.

मातीला सिद्धाराम गेला आणि तसाच परत आला. पुढं दोन्हीकडचे अधिकारी येऊन पंचनामे करून गेले. प्रत्येकानं आपापल्या हद्दीपर्यंतचं नुकसान मोजलं. फोनचं कुणी विचारलं नाही. पंचाक्षरीचा मोबाईल नदीत गेला होता. गप्प राहिलं असतं, तर कुणाला कळलंही नसतं. नवव्या दिवशी तो अक्काकडं गेला.

ती ओसरीवर चिखलातून काढलेलं सोयाबीन पसरत होती. बहुतेक काळं पडलं होतं. तो समोर बसला.

"अक्का, त्या दिवशी सकाळी म्याच दाजींना म्हणालो होतो, मोटार राहू द्या म्हणून."

तिचे हात थांबले नाहीत. "ठाऊक हाय. मी ताट वाढत हुते. पाणी चढतंय म्हणून मी आडवलं. ते म्हणाले, सिद्धप्पानं दारं काढली न्हाईत, ह्ये नुसतं आपल्या शिवारातलं पाणी, किती यील. अर्ध्या ताटावरनं उठून गेले."

"आता माझ्याकडं फोन करत जा," ती म्हणाली. "दारं काढतोय, येवढंच सांगायचं. काढत न्हाय, असं पुन्यांदा कुणाला सांगू नगंस. पाणी येणं न येणं आता तुझ्या हातात न्हाय राहिलं."

तो उठला आणि नदीकाठानं परत निघाला. खालच्या गावाची माणसं उरलेल्या मोटारी खांद्यावर घेऊन वरच्या रानात नेत होती. पाऊस नव्हता, आभाळ स्वच्छ होतं. सगळे त्याला ओळखत होते. दारं कधी टाकणार, कधी काढणार, हे कुणी विचारलं नाही.