चाचणी-दोनचा मालक

बिजागऱ्या बनवणाऱ्या त्या कंपनीत त्यांना सगळे वहीसाहेब म्हणत, आणि तेही तोंडावर. संगणक विभागात सव्वीस वर्षं झाली, डोक्यावरचे केस गेले, पण काखेतली वही काही गेली नाही. कुणी साधी वायर हलवली तरी वहीत लिहिल्याशिवाय त्याची सुटका नसे. "नोंद नाही म्हणजे वस्तू नाही," हे त्यांचं वाक्य कॅन्टीनवालासुद्धा हुबेहूब त्यांच्या आवाजात म्हणून दाखवायचा.

अशा माणसावर कंपनीचं बिऱ्हाड हलवायची जबाबदारी आली. मागच्या खोलीत तीन मोठे सर्व्हर होते आणि त्यांच्या पोटात एकेचाळीस आभासी, म्हणजे नुसत्या सॉफ्टवेअरमध्ये असलेले, संगणक. पगाराचा एक, मालसाठ्याचा एक, असे एका इमारतीतल्या भाडेकरूंसारखे नांदत होते. आता सगळ्यांना क्लाउडवर, म्हणजे दूरच्या एका कंपनीच्या भाड्याच्या यंत्रांवर, जायचं होतं. शुक्रवारी खोली रिकामी करायची होती. वहीसाहेबांनी नाव, काम, मालक असा तक्ता आखला. चाळीस ओळी भरल्या. एकेचाळिसावा निघाला 'चाचणी-२'. त्याचा मालक सापडेना आणि पासवर्ड कुणाला ठाऊक नाही.

वहीसाहेबांच्या अंगाचा तिळपापड झाला. "माझ्या खोलीत बेवारस बिऱ्हाड? ज्याने हे घुसवलंय ना, त्याला सगळ्यांसमोर उभं करून वहीत लिहायला लावतो!"

हिशेबवाल्या बाईंपासून गोदामवाल्यांपर्यंत सगळ्यांनी कानावर हात ठेवले. मग या कामातला शेवटचा उपाय उरला. बंद करायचं आणि कोण ओरडतं ते पाहायचं. मंगळवारी अकराला त्यांनी मोठ्या सर्व्हरवरून, बाहेरूनच, चाचणी-२ बंद केला आणि कान टवकारून बसले. सहापर्यंत कुणी हूं की चूं केलं नाही.

घरी आले तर ताई दारातच उभी. ताई म्हणजे त्यांची थोरली बहीण. आई गेल्यावर तिनेच त्यांना वाढवलं, आणि पन्नाशी उलटली तरी ती त्यांना बाळ्याच म्हणे. रोज ते यायच्या वेळी तिचं शिवणयंत्र बंद आणि चहा तयार असायचा. आज गॅससुद्धा पेटलेला नव्हता.

"बाळ्या, आज 'निघालो' म्हणून कळवलं नाहीस ते?"

वहीसाहेब एक बूट पायात, एक हातात, असे तसेच थिजले. अकरा वर्षांपूर्वी एकदा ते कळवायला विसरले होते. रस्ता तुंबलेला, आणि इकडे ताईने दोन दवाखाने आणि एक पोलीस चौकी पालथी घातली होती. पुन्हा विसरायला नको म्हणून त्यांनी एका आभासी संगणकाला ते काम लावून दिलं. सोमवार ते शनिवार, ठीक सहाला, ताईच्या मोबाइलवर 'निघालो'. आणि मग तो संगणकच साफ विसरले. वहीत न लिहिता!

त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. ऑफिसात नाक कापलं जाणार ते जाणारच. पण ताईचं काय? भावाला रोज आपली आठवण होते, असं ती अकरा वर्षं धरून चालली असणार.

"ताई, ते... मी पाठवतच नव्हतो. मशीन पाठवायचं."

"ठाऊक आहे," ताई आधण ठेवत म्हणाली. "पहिल्याच महिन्यात तू तापाने फणफणत आत पडला होतास. तोंडात थर्मामीटर, आणि सहाला मोबाइल म्हणतो 'निघालो'. म्हटलं, कुठे निघालास रे बाबा!"

"मग बोलली का नाहीस?"

"त्याला शिकवलं तूच ना? मग झालं तर. फक्त उत्तर तेवढं कधी दिलं नाही. मशीनला काय उत्तर द्यायचं?"

बुधवारी सगळा विभाग जमला. वहीसाहेबांनी वही उघडली आणि चाचणी-२ पुढे मालक म्हणून स्वतःचं नाव लिहिलं, मोठ्याने वाचत. मग कारणही सांगितलं. हशा असा उसळला की हिशेबवाल्या बाईंना चष्मा काढून डोळे पुसावे लागले.

"राहू द्या हो," मोठे साहेब म्हणाले, "तेवढा एक नेऊ क्लाउडवर. कुणाला जड होणार नाही."

"नको," म्हणत वहीसाहेबांनी त्या ओळीवर रेघ मारली.

बाकीचे चाळीस शुक्रवारी सुखरूप हलले, ते पुढचं. त्या बुधवारी मात्र सहाला त्यांनी खोलीला कुलूप लावलं, चष्मा कपाळावर चढवला आणि एका बोटाने टाइप केलं, 'निघालो'.

जिना उतरेपर्यंत मोबाइल वाजला. अकरा वर्षांत ताईचं पहिलंच उत्तर आलं होतं.

'ये.'