चिमणीची टोपी

इकडे आखातात, मुसफ्फातल्या आमच्या वर्कशॉपमध्ये एक वेल्डर आहे. मोबाइलवर परग्रहावरच्या यंत्राचा व्हिडिओ आला की बाकीचे तोंडात बोट घालतात. हा चष्मा कपाळावर चढवतो, चित्र मोठं करून बघतो आणि जाहीर करतो, "गीझरची टाकी. खलास." मग ती टाकी मुळात कुठली, याचा छडा लावल्याशिवाय त्याच्या घशाखाली घास उतरत नाही.

परवा वाळवंटात सापडलेली 'उडती तबकडी' आली. खाली लिहिलं होतं, असा जोड माणसाच्या हातून होणं शक्य नाही. त्यानं चित्र मोठं करून तो जोड नीट पाहिला. मग भंगारवाल्याला फोन करून खात्री केली आणि हळूच मला म्हणाला, "साहेब, ही हॉटेलच्या चिमणीची टोपी. मीच बनवलेली. वेल्डिंग वाकडं गेलं म्हणून परत आली होती, मग भंगारात दिली."

"मग सोडा ना. उगाच तुमचंच हसं होईल."

"म्हणून खोटं चालू द्यायचं?"

त्यानं व्हिडिओखाली इंग्रजीत लिहिलं, "हे मी बनवलंय. चुकलं, माफ करा."

लगेच कुणीतरी घाबरून विचारलं, "आपण कुठून आलात?"

यानं शांतपणे टाइप केलं, "चिपळूण."