लॉनवर टाकलेला गाळ

सन २०१६. मी सत्तर वर्षांचा होतो आणि त्या माघात माझी बायको गेली. आमच्या उस्मानपुऱ्यातल्या घरापुढं चार खाटा मावतील एवढं लॉन होतं. करमाडची जमीन कारखान्यांच्या प्लॉटांत गेली, पोरानं शहरात हे घर घेतलं, तेव्हा ते तिनंच लावलं. लॉन म्हणजे तरी काय, आपली हरळीच. जन्मभर जी वावरातून उपटून बांधावर फेकली, ती तिनं इथं हातानं लावली. मी लई हसलो होतो. पाणी मात्र मलाच घालायला लावायची. "अवो, उठा, वाळायलंय ते," रोज सकाळी हेच.

तिच्या तेराव्याचा मांडव लॉनवरच पडला. आचाऱ्यानं भट्टीही तिथंच खणली. पाहुणे पांगले तेव्हा मधोमध काळा चट्टा उरला होता, बाकीचं पार तुडवलेलं. नळाला पाणी आठवड्यातून एकदा. पोरगा म्हणाला, "बाबा, फरशी टाकून घेऊ. गाडी रस्त्यावर राहते."

"ती तुझ्या आईची जागा हाय. तिथं तुझी गाडी उभी राहायची नाय," मी म्हणालो, अन् कामाला लागलो.

करमाडकडचा तलाव त्या साली तळाला गेला होता. लोक गाळ काढून वावरात टाकत होते. दुष्काळात आमच्याकडं हेच करतात; पाऊस नसला तरी जमीन सुधारून ठेवायची. मी एक टेम्पो गाळ आणला आणि घोटा बुडेल एवढा थर लॉनवर पसरला. काळा, लोण्यासारखा मऊ.

शेजारी एक रिटायर कारकून राहायचे. ते कठड्यावरून म्हणाले, "काका, वाळू मिसळा अन् पातळ पसरा. गवत गुदमरंल."

"तुम्ही फायली सांभाळल्या साहेब. माती मला शिकवता व्हय?"

ते आत गेले.

वावरात गाळ टाकला की त्यावर नांगर फिरतो, हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. पण उभ्या गवतात नांगर कुठून घालणार? अन् हरळी ती. जन्मभर मारून मेली नाही, ती गाळ फोडून वर येणारच, असं मी धरून चाललो.

अंघोळीचं, तांदूळ धुतलेलं, भांड्यांचं, सगळं पाणी मी तिथं ओतायचो. सून मोरीतून बादली भरून दाराशी ठेवायची. चैत्राचं ऊन लागलं आणि गाळ विटेसारखा भाजला. बोट जाईल एवढ्या भेगा पडल्या. मी उकिडवा बसून भेगांत बघायचो. एक पातं दिसलं नाही.

वैशाखात एका संध्याकाळी मी पिण्याचा हंडाच उचलला. सून आडवी आली.

"मामा, पिण्याचं हाय ते."

"तुझ्या सासूची जागा वाळली तरी चालंल, आँ?"

ती पायरीवर बसली. "आत्याबाईंची कशाची जागा, मामा? गवतावर बसलं की त्यांच्या अंगाला खाज सुटायची. जमीन गेल्यावर तुम्ही भिंतीकडं तोंड करून पडून राहायचे. ताट तसंच परत यायचं. तेव्हा मला म्हणल्या, ह्यांच्या हाताला माती लागली नाय तर हे जगायचे नाहीत. कायतरी लावू दारात. पाणी घालायला तरी उठतील."

हंडा माझ्या हातातच होता. तो मी परत आत नेऊन ठेवला. जी मला उठवायची तीच नव्हती. मग गवत कुणासाठी जगवायचं? पोरगा कामावरून आला तेव्हा त्याला म्हणालो, "फरशीवाल्याला सांग." त्यानं तिथंच फोन लावला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कुदळ घेतली. थर फोडून ढेकळं पाटीत भरली आणि फाटकाबाहेर नेऊन टाकू लागलो. खालच्या हरळीच्या काड्या पांढऱ्या पडल्या होत्या, हात लावला की मोडत होत्या. पोरगा गाडी काढता काढता थांबला. "बाबा, फरशीवाला माणसं आणतोय. कशाला दमता?"

"गाळ मी टाकला. मीच काढणार."

तो गेला. ऊन डोक्यावर येईपर्यंत मी खणत होतो.