एमआरआय आणि करदोडा

आमच्या ह्यांचं तोंड दिवसातून चाळीस-पन्नासदा उजवीकडे खेचलं जायचं, त्याच वेळी उजव्या हाताला झटका बसायचा आणि दोन सेकंदांत सगळं जागेवर. हे तेर गावच्या शाळेत गणित शिकवतात. फळ्यापाशी खडू हातातून पडायचा. पोरांचा समज झाला, सर डोळा मारतात. पुढं तर हे सलग तीन दिवस एकच गणित शिकवू लागले. पोरांनी तक्रार केली नाही. वर्गाला तेवढं गणित मात्र पक्कं आलं.

फिटच्या गोळ्यांनी फरक पडेना, तेव्हा सोलापूरच्या मेंदूच्या डॉक्टरांनी एमआरआय सांगितला. मशीनच्या दारात अंगावरचा सगळा धातू काढायला लावला. घड्याळ निघालं, अंगठी निघाली. कमरेचा चांदीचा करदोडा काही निघेना.

"माणूस गेल्यावर काढतात तो," हे म्हणाले. "मी अजून हाय."

"तुम्ही राहावं म्हणूनच आलोय," मी म्हटलं.

कंबर क्षणभरही मोकळी राहणार नाही, या अटीवर तह झाला. बाहेरच्या टपरीवरून मी काळा दोरा आणला, आधी तो बांधला, मग चांदी सोडवून पर्समध्ये टाकली.

डॉक्टरांनी पडद्यावर चित्र दाखवलं. दोन्ही कानशिलांच्या आत, आठवणी धरून ठेवणारा भाग सुजून पांढरा दिसत होता. रोगाशी लढणारी शरीराची फौजच मेंदूवर उलटली असावी, असं ते म्हणाले. पुढं रक्ताच्या आणि पाठीतल्या पाण्याच्या तपासणीत तेच निघालं. झटके थांबतील, पण आठवणी किती परत येतील ते सांगता येत नाही, म्हणाले. त्या संध्याकाळी ह्यांनी विचारलं, आपण सोलापूरला कशाला आलोय? मी सांगितलं. अर्ध्या तासानं पुन्हा सांगितलं. चौथ्या वेळी कागदावर लिहून उशाशी ठेवलं.

सलाईनमधून स्टेरॉइड गेलं, आठवड्याभरात झटके थांबले. कागद मात्र आमच्याबरोबर घरी आला.

तिसऱ्या आठवड्यात मी भाकरी थापत होते. हे दारात येऊन उभे राहिले.

"माझा करदोडा दे की. मशीनच्या दारात पर्समध्ये टाकलास, तो."

तव्यावरची भाकरी करपली. मी पर्स उपसली, कपाट उपसलं. घरी आल्यावर नीट जपून ठेवलेला करदोडा कुठं ठेवला, तेच मला आठवेना. हे खुर्ची ओढून बघत बसले.

"तुझा बी एक एमआरआय काढू," हे म्हणाले. "पण मंगळसूत्र काढावं लागंल. जमंल का?"

मी ज्वारीच्या डब्यात कोपरापर्यंत हात घातला.