कंडक्टर मॅडमचं वजन

"कौतुक नको, सुटे द्या."

सकाळच्या तलासरी गाडीत कुणी मोठी नोट पुढे करून गोड बोलायला लागलं की कंडक्टर मॅडमचं हे ठरलेलं उत्तर. बोटं तिकिटाच्या मशीनवर, डोळे तुमच्या खिशावर आणि ओठांच्या कोपऱ्यात तुच्छतेची अशी मुरड, की माणूस निमूट खिसे चाचपायला लागे. पुढे सगळे मोबाइलवरून पैसे द्यायला लागले तरी त्यांनी वाक्य बदललं नाही. सुटे नसले तरी चालले असते, कौतुक मात्र त्यांना खरोखरच नको असे.

डहाणूहून घोलवड-बोर्डीवरून तलासरीला कधी गेला असाल तर तुम्ही त्यांना पाहिलं असेलच. न पाहण्याची सोयच नव्हती. माझं तलासरीच्या नाक्याजवळ औषधांचं दुकान आहे आणि घर डहाणूला, त्यामुळे मी त्यांना रोज पाहायचो. सीटांमधली ती चिंचोळी वाट ज्याने कुणी आखली त्याच्या डोळ्यांसमोर मॅडम नव्हत्या. त्या आडव्या होऊन सरकत. दोन्हीकडचे प्रवासी अंग चोरत आणि चोरता चोरता एकमेकांकडे बघून हसत. मॅडमना ते दिसे. तरीही त्या शेवटच्या सीटपर्यंत जात, तिकीट फाडत आणि हसणाऱ्याकडे असं बघत की त्याचं हसू पुढच्या स्टॉपला उतरून जाई.

आपल्याकडे जाड माणसाचं शरीर ही सार्वजनिक मालमत्ता असते. ज्याला त्याला त्यात दुरुस्ती सुचवायची असते. कुणी गरम पाण्यात मध सांगे, कुणी दुधीचा रस. एकदा एका काकांनी रोज चालत जायचा सल्ला दिला.

"काका, तुम्ही एका स्टॉपसाठी गाडीत बसलात," मॅडम म्हणाल्या. "आधी तुम्ही चाला. मी मागून येते."

सल्लागारांचे राजे म्हणजे डहाणूत वजन घटवायच्या पावडरीचं केंद्र चालवणारे एक सर. ते स्वतःला कोच म्हणवत आणि छातीवर बिल्ला लावत. मॅडमनी एक हंगामभर त्यांची पावडर प्यायली होती. वजन थोडं उतरलं आणि येताना चार पाहुणे घेऊन आलं. "पोट रिकामं, डबा रिकामा, सर तेवढे भरलेले," असा त्या प्रकरणाचा त्यांनी निकाल लावला.

मग एका कडक उन्हाळ्यात झरी गावाच्या अलीकडे त्या चालत्या गाडीत पायरीजवळ खाली बसल्या. श्वास पुरेना. साखर वाढली होती, गुडघे तर केव्हाचेच गेले होते. आता डेपोत टेबलावर बसवणार अशी कुजबुज सुरू झाली. काही दिवसांनी मॅडम गाडीवर दिसेनाशा झाल्या. पुन्हा दिसल्या त्या माझ्या दुकानात, हातात औषधांची चिठ्ठी घेऊन. चेहरा उतरलेला, पण आवाज तोच.

"अहो मेडिकल, हे सगळं द्या. वापीला जाऊन पोट लहान करून घेतलंय. टेबलावर बसून पेन चावण्यापेक्षा हे बरं." मग इकडेतिकडे बघून त्यांनी पहिल्यांदाच आवाज खाली आणला. "सासूबाईंनी सांगितलंय, लोकांना योगा म्हणून सांगायचं. धडधाकट बाईने पोट कापून घेतलं म्हटलं तर त्यांची मान खाली जाते म्हणे. तेव्हा दुकानाबाहेर गेलं तर बघा."

दुकानाबाहेर गेलं नाही. औषधवाल्याला गावाच्या पोटातलं बरंच माहीत असतं आणि ते पोटातच ठेवायचं असतं.

त्या पुन्हा ड्युटीवर आल्या आणि महिन्यामहिन्याने आटत गेल्या. गाडी चकित झाली. ज्यांनी हसून हसून सीटची रेक्झिन झिजवली होती तेच आता भक्त झाले. कुठलं आसन करता, असं एकीने विचारलं.

"शवासन. तुम्हीही करा, बोलणं बंद होतं."

उंबरगावचे एक व्यापारी अगदी गहिवरून म्हणाले, "बेन, तमे तो बहु पातळा थई गया!"

"ने तमे हता तेवाज छो," मॅडमनी तिकीट फाडत सांगितलं. तुम्ही मात्र होतात तसेच राहिलात.

एकाने विनोद केला की आता मॅडम अर्ध्या झाल्या, त्यांनाच अर्धं तिकीट लागू होईल. "आणि तुमची जीभ दुप्पट झालीय," त्या म्हणाल्या, "तिचं वेगळं काढा."

योगाचं खरं रूप मी रोज पाहत होतो. तलासरीला गाडी थांबली की त्या माझ्या दुकानामागच्या बाकावर येऊन बसत. छोट्या डब्यात मुगाची मऊ खिचडी किंवा कुस्करलेलं अंडं, तेही बाळाला भरवतात तेवढं. चहाच्या चमच्याने घास घ्यायचा, चावत राहायचा, मग थांबायचं. जेवताना पाणी नाही. घाई झाली की सगळं उलटून पडे. घोलवडला कुणीतरी नवसाचा पेढा हातात कोंबला, नाही म्हणता आलं नाही, तर त्या दिवशी घामाने डबडबून अर्धा तास भिंतीला टेकून बसल्या. केसांचे पुंजके कंगव्यात येत होते.

"भूक नाही आणि खायची वेळ झालीय, यासारखं चिडकं काम नाही," त्या म्हणत. "डॉक्टरने पोट कापलं. डोकं आणि जीभ तशीच ठेवली. त्यांच्याशी भांडण मी करायचं."

याच सुमारास पावडरवाल्या सरांनी आपल्या केंद्राबाहेर मोठा बॅनर लावला. डावीकडे त्यांच्याकडे नाव नोंदवतानाच्या जुन्या मॅडम, उजवीकडे गाडीत कुणीतरी चोरून काढलेल्या नव्या मॅडम आणि मध्ये पावडरीचा डबा. मी सांगितलं तेव्हा मॅडमनी नुसतं नाक उडवलं. "राहू दे. माझा फोटो लावून तरी त्याच्या दुकानाला माणसाचं तोंड आलं."

पण एका सकाळी बोर्डीला एक अंगणवाडी सेविका चढली. ती रोज झरीला उतरायची. तरुण, अंगाने जाड, साखरेच्या गोळ्या माझ्याकडूनच नेणारी. मांडीवर पावडरीचा भलाथोरला डबा होता आणि डोळे खोल गेलेले.

"हे काय गो?" मॅडमनी विचारलं.

"मॅडम, तुमचंच," ती हौसेने म्हणाली. "तुम्ही ज्याने बारीक झालात ना, तेच. मी दोन्ही वेळचं जेवण सोडलंय."

"आणि गोळ्या?"

"त्या चालू आहेत. चक्कर येते, परवा मुलांसमोरच पडले. पण सर म्हणाले, तुझी इच्छाशक्ती कमी पडते. त्या कंडक्टर मॅडम बघ."

मॅडमनी दोरी ओढली. दोन्हीकडे चिकूच्या वाड्या, स्टॉपचा पत्ता नाही आणि गाडी उभी. ड्रायव्हर मान वळवून बघायला लागला. मॅडम गाडीच्या मधोमध उभ्या राहिल्या आणि ज्या आवाजात त्या पुढे सरकायला सांगत त्याच आवाजात म्हणाल्या, "सगळ्यांनी ऐका. परत सांगणार नाही. मी योगा केलेला नाही. पावडरीने उतरलं ते दामदुपटीने परत आलं. मी वापीला जाऊन पोटाचं ऑपरेशन करून घेतलंय. सासूने लपवायला सांगितलं, मी लपवलं. ती चूक झाली, कारण त्यापायी ही पोरगी उपाशी मरतेय." मग सेविकेकडे वळल्या. "तू आज डॉक्टरकडे जायचं. न जेवता साखरेच्या गोळ्या घेतात का? या मेडिकलला विचार, मरायचं असेल तर सोपा उपाय आहे म्हणून सांगेल."

मी मान डोलावली. सेविका रडायला लागली तेव्हा मॅडमनी तिच्या मांडीवरचा डबा उचलून सीटखाली सरकवला आणि म्हणाल्या, "रडायचं ते झरीला उतरून रड. इथे उभं राहायला जागा नाही."

बॅनर उतरवायचं काम मॅडमच्या नवऱ्याने केलं. घोलवडला चिकूच्या पॅकिंग शेडमध्ये असलेला हा माणूस इतका शांत, की तो गाडीत चढला हे त्याचं तिकीट निघाल्यावर कळे. तो एकटाच डहाणूला गेला आणि भर दुपारी बॅनर सोडवून घेऊन आला. सर बिल्ला लावून बघत राहिले. पुढे मी त्याला बॅनरचं विचारलं तर म्हणाला, "शेडमध्ये पेट्यांवर घातलाय. उलटा."

आता तुम्हाला वाटेल, इतकं खरं बोलणाऱ्या बाईचा मान वाढला असेल. आपली माणसं तुम्ही ओळखलीच नाहीत म्हणायची. आम्हाला फसवलं, असा चेहरा करून गाडी बसली. "म्हणजे फुकटच्या बारीक झाल्या," असं ज्या काकांना एक स्टॉपही चालवत नव्हतं ते म्हणाले. कष्टाशिवाय मिळालेलं टिकत नाही, असंही कुणी म्हणालं, खिडकीला डोकं टेकवून, डुलकी घेता घेता. सासूबाईंनी बोलणं टाकलं ते वेगळंच.

"शॉर्टकट म्हणतात," मॅडम माझ्या बाकावर चमचा चाटत म्हणाल्या. "आठवडाभर या डब्यातलं जेवून दाखवा म्हणावं. दुसऱ्या दिवशी डबा फेकून मलाच मारतील."

आणि मग त्या लोकांच्या मनासारखं झालं. ऑपरेशननंतरची दुसरी दिवाळी सरली आणि वजनाचा काटा आधी थबकला, मग हळूच उलटा फिरायला लागला. बाकावर खिचडीचा डबा दिसेना. त्याजागी चहात बुडवलेली बिस्किटं, चिकूचं मिल्कशेक, कागदी कपातलं आइस्क्रीम. मऊ गोष्ट लहान पोटातूनही सुळकन उतरते, अडवत नाही, हे त्यांच्या लक्षात आलं होतं. गणवेश पुन्हा दंडाला काचायला लागला. गाडीत कोपरं ढोसली जाऊ लागली. इतका निर्मळ आनंद मी त्या गाडीत एरवी कधी पाहिला नाही.

मॅडम आता कुणाला उलट बोलत नव्हत्या. तेच मला सहन होईना. एके दिवशी त्या आइस्क्रीमचा कप घेऊन बसल्या असताना मी म्हटलं, "मॅडम, मोटिव्हेशन टिकवायला हवं."

त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि कित्येक दिवसांनी ती मुरड ओठांवर आली. "काय टिकवायला हवं? अहो मेडिकल, आमच्या ड्रायव्हरला पहाटे उठून गाडी काढायचा उत्साह असतो असं वाटतं तुम्हाला? मला असतो? कणभर उत्साह नसतो. वेळ झाली की गाडी सुटते. उत्साहावर सोडायची असती ना, तर डहाणूतून एकही गाडी सुटली नसती!"

बोलून झालं आणि त्यांनी चमचा कपात टाकला. कपातलं आइस्क्रीम वितळत होतं. मग, मला नव्हे, त्या कपाला म्हणाव्यात तसं म्हणाल्या, "मग माझीच गाडी का उभी आहे?"

त्यांचा आवाज फुटला होता आणि असल्या वेळी त्यांना साक्षीदार आवडला नसता. मी आत जाऊन उगाच बाटल्या लावत बसलो.

लाजेपोटी त्यांनी वापीच्या डॉक्टरांकडे जाणं सोडलं होतं. त्या आठवड्यात गेल्या.

"ओरडले का?" मी विचारलं.

"ओरडले असते तर बरं होतं. म्हणाले, परत आलात हे चांगलं केलंत. आणखीही येतात म्हणे असे, वजन घेऊन. एवढं मऊ बोलतात का पेशंटशी? मला तिथेच रडू आलं. नालायक माणूस."

डबा पुन्हा बाकावर आला. संध्याकाळी ड्युटी संपली की त्या बोर्डीच्या किनाऱ्यावर सुरूच्या झाडांखालून चालायला लागल्या. सोबत ती सेविका. कधी माझी नेहमीची गाडी चुकली आणि बोर्डीला गाडी बदलावी लागली तर लांबून आवाज यायचा, "पाय उचल, समुद्र काही पळून जात नाही, तूच मागे पडतेयस!" सेविका धापा टाकत हसत असे. एकदा दुकानात ती म्हणाली, "मॅडम फार बोलतात हो. पण मी नाही गेले तर घरी येऊन दार वाजवतात." तिची साखर आटोक्यात आली. मॅडमचं परत आलेलं वजन काही गेलं, काही राहिलं. बॅनरवर लावण्यासारखा फोटो पुन्हा निघाला नसता. विचारलं तर म्हणत, "होते तेवढी नाही, हवी तेवढी नाही. चालू आहे."

मग त्यांची बदली झाली. शेवटच्या दिवशी याच गाडीने, हसणाऱ्यांनी आणि सल्लागारांनी मिळून, केक आणला. मॅडमनी तो बघितला.

"पोट कापलेल्या बाईला केक! अक्कल कुणी वाटायला काढली होती तेव्हा तुम्ही सगळे कुठल्या स्टॉपला उतरला होतात?"

पण कापला. प्रत्येकाच्या सीटपाशी जाऊन कागदी बशीत वाटला, शेवटच्या सीटपर्यंत. सेविकेने नखाएवढा तुकडा त्यांच्यापुढे धरला. आता शिवी बसणार म्हणून आम्ही वाट बघत राहिलो. मॅडमनी तो तोंडात ठेवला आणि डोळे मिटून चावत राहिल्या. झरीचा फाटा मागे गेला तरी चावत होत्या, आणि त्यांच्या गालावरून पाणी ओघळलं तेव्हा सगळे खिडकीबाहेर बघायला लागले. सेविका तर उतरायचंच विसरली.

तलासरीला सगळे उतरले आणि कुणी कामाला जाईना. "कामधंदे नाहीत का कुणाला?" असं म्हणून त्यांनी आम्हाला हाकलून दिलं. काकांनी नमस्कार केला तर म्हणाल्या, "चालत जा."

गाडी डहाणूकडे परत फिरली तेव्हा जवळजवळ रिकामी होती. मी दुकानाच्या दारात उभा होतो. मागच्या काचेतून मॅडम दिसल्या. आम्ही टाकलेल्या बशा त्या कमरेतून खाली वाकून एकेक उचलत होत्या, सीटखाली हात घालून, पुन्हा सरळ होऊन, पुन्हा वाकून, आणि त्यांचं तोंड सारखं चालू होतं.